सोळा-आठ की एकादशी?

उपास करायचा एवढं ठरलंय, पण रोजचं सोळा-आठ (सोळा तास उपास, उरलेल्या आठ तासांतच खाणं) धरावं की पंधरवड्याची एकादशी, यावर गाडी अडलीय, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. दोन्ही मी करून पाहिलंय. पाणी प्या, झेपेल तेवढंच करा, या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, जमेल तितकं उशिरा सांगेन एवढंच.

सोळा-आठचं श्रेय आधी देऊन टाकतो. रात्रीचं अवांतर खाणं त्याने बंद केलं. जेवून तास झाला की टीव्हीसमोर चिवड्याचा डबा उघडायचा आणि त्यावर काहीतरी गोड, ही माझी जुनी खोड. माझी विंडो, म्हणजे खायची मुभा असलेले आठ तास, दुपारी एक ते रात्री नऊ होती. नऊ वाजले की डबा बंद, वाद नाही. पट्टा एक भोक आत गेला. आता त्यात तासांचा गुण किती आणि चिवडा सुटल्याचा किती, हा प्रश्न राहतोच. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात १३९ स्थूल लोकांवर केलेला वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. उष्मांक सगळ्यांनाच मोजून कमी दिले होते. एका गटाला ते सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खायला सांगितलं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, आणि दोघांत लक्षणीय म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे विंडोचा उपयोग कमी खायला लावण्यापुरता, असं मी समजून चालतो. तोही कमी नाही.

एकादशीला मात्र वजनाच्या हिशेबात उतरवूच नका. वर्षाला २४, अधिक महिना आला तर २६. एवढ्याशाने काटा हलत नाही. उलट आपण ज्या थाटात ती करतो त्याने तो वरच जायचा. सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचे वेफर्स, रात्री राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यावर तूप आणि कूट. संध्याकाळी छातीत जळजळलं नाही तरच नवल. (गंमत म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांच्या काळात, यातलं एकही इकडे पोचलेलं नव्हतं. तेव्हा ‘परंपरेने चालत आलेली खिचडी’ हे जरा बेतानं घ्यावं.)

मी बोलतोय ती खिचडी वगळून केलेली एकादशी. दशमीला रात्री आठला जेवायचं, एकादशीला एखाद-दुसरं फळ, ताक, आणि थेट द्वादशीला सकाळी पारणं. कुणी नुसत्या पाण्यावर काढली तर सलग ३६ तास होतात, सोळाच्या दुपटीहून जास्त. यकृतात साठवलेली साखर साधारण दिवसभरात संपत येते आणि शरीर चरबीवर भागवू लागतं. फळं घेतली की हा हिशेब बदलतो, कबूल. तरी रात्रीपर्यंत अंग हलकं आणि डोकं किंचित भणभणलेलं, हे मला दर वेळी जाणवतं. पेशी आपला कचरा आपणच साफ करतात, ही गोष्ट दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने सांगतात. त्या संशोधनाला, योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना, २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. माणसात ही सफाई कितव्या तासाला सुरू होते ते छातीठोकपणे सांगणाऱ्या व्हिडिओवर मी तरी उपास ठरवणार नाही.

भुकेचं दोन्हींत वेगळं आहे. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक नेहमीच्या जेवणाच्या वेळेला वाढतं, आणि वेळा बदलल्या की हळूहळू तेही बदलतं. म्हणून सोळा-आठच्या पहिल्या काही सकाळी जड जातात, अकराला पोटात कावळे. आणि मग कधीतरी लक्षात येतं की अकरा केव्हाच वाजून गेले. तब्येतीसाठी उत्तम. पण भूक कळावी, ती आली तशी जाते हे बसून पाहावं, यासाठी उपास करायचा असेल तर सवय झाल्यावर हाती फारसं उरत नाही. एकादशी पंधरा दिवसांनी येते, तिची सवय होत नाही. दुपारी चारच्या सुमाराला ती भूक दर खेपेला नवी असते.

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती. चहा.

सोळा-आठमध्ये सकाळी दुधा-साखरेचा चहा बसत नाही. कोरा चालतो. कोरा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही, पण घरच्या घरी मी तोही रेटला असता. खरी कटकट बाहेर. सकाळी दहाला कुणाकडे गेलात की आधी पाणी येतं, मागून चहा. विचारून नाही, येतोच. ‘नको’ म्हटलं की ‘अहो, अर्धा कप’. ‘सकाळी घेत नाही’ म्हटलं की ‘पित्त होतं का?’ मग विंडो, तास, इन्सुलिन हे सगळं समजावायचं. आणि ते ऐकून घेत मावशी कपावर बशी झाकून ठेवतात, थोड्या वेळाने घ्याल म्हणून. निघताना बशी उचलली की साय धरलेली असते, आणि मावशींचा चेहरा उतरलेला. कधी मान राखायला दोन घोट घ्यायचो, मग तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का, हा घोळ दिवसभर डोक्यात. ऑफिसात ‘हे डाएटवर आहेत’ असा शिक्का बसला तो बसलाच. महिन्यातून एकदा असतं तर हसण्यावारी नेलं असतं. हे रोजचं होतं.

एकादशीला चहा चालतो. दुधाचा, साखरेचा, हवा तर आल्याचा. काटेकोर पाहणाऱ्याला तो निराहारात बसत नाही हे सांगायला नको, आणि साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढणारच. पण आमच्याकडे चालतो, तुमच्याकडेही बहुधा चालत असेल. उपासाला कोथिंबीर चालते का यावर दोन घरांचं एकमत होणार नाही. चहावर सहसा होतं. आणि मुख्य म्हणजे ‘आज एकादशी’ एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. ताट मागे जातं, केळं पुढे येतं. फार तर ‘पटकन खिचडी टाकते’ असं होतं, तिथे ‘फळांवर आहे’ म्हटलं की उलट मानच वाढतो. स्वतः ठरवलेल्या उपासाची बाजू रोज स्वतःच लढवावी लागते. एकादशीची बाजू भिंतीवरचं कालनिर्णय लढवतं.

मनाचं विचाराल तर सोळा-आठ करताना मी जेवणाचाच विचार जास्त करायचो. ॲपमधलं वर्तुळ किती भरलं, सकाळी काटा काय म्हणतो. सगळा रोख आपल्याच पोटाकडे. एकादशीला स्वयंपाकघर लवकर आवरतं आणि रात्री तासभर मोकळा सापडतो. आमच्याकडे त्या वेळी हरिपाठ होतो. मी काही माळकरी नाही, पण जाऊन बसतो, आणि रिकाम्या पोटी कान जास्त उघडे असतात असं वाटतं. तुम्ही नुसते गच्चीत बसलात तरी चालेल. हे दाखवून देण्यासारखं नाही, त्यामुळे आग्रह धरत नाही.

तरीही वजन उतरवणं हेच पहिलं काम असेल, दिवस ठरलेल्या वेळांचा असेल आणि सकाळी कुणाच्या घरी जाणं होत नसेल, तर सोळा-आठ घ्या. कोरा चहा आवडत असेल तर माझी निम्मी तक्रार तिथेच निकालात निघाली. ‘नऊनंतर डबा बंद’ हा त्यातला नियम मीही ठेवलाय, बाकीचं सोडलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा दिवस गेलेले असतील, तर दोन्हींतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि एकादशीकडे वळणार असाल तर सुरुवात आषाढीपासून करू नका. त्या दिवशी घरात वडे, रताळ्याचा कीस, वर शेजारून झाकलेली वाटी. नाही म्हणणं कठीण. कॅलेंडर पाहिल्याशिवाय कळतही नाही अशी एखादी वद्य एकादशी धरा. दशमीला रात्री तिखट-तेलकट नको. आणि द्वादशीला सकाळी पारणं साध्या वरणभातावर, बेताने, पोहे-भजी दुपारनंतर.