क्लचशिवाय डोंगर चढणारी १९७२ ची होंडा ट्रेल ९०, तीन उन्हाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ही गाडी ॲक्टिव्हासारखी नुसता ॲक्सिलरेटर पिळला की झालं अशी नाहीये. गिअर आहेत, चार आहेत आणि पायानेच टाकायचे आहेत. नाहीये ती फक्त क्लचची लिव्हर. क्लच आत आहे, इंजिनाचे आरपीएम वाढले की आतली वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात आणि क्लच आपोआप पकडतो, आरपीएम उतरले की सोडतो. ज्यांच्या घरी लुना होती त्यांना हे वेगळं समजावायला नको, तत्त्व तेच, फक्त लुनाला गिअर नव्हते आणि हिला चार आहेत, आणि खाली एक लो रेंजचा (वेग कमी, ताकद जास्त करणारा) दांडा आहे म्हणजे धरलं तर आठ.

मी राहतो डेन्व्हरला, मूळचा नगरचा. तीन वर्षांपूर्वी ही १९७२ ची पिवळी सीटी ९० (ट्रेल ९० चंच दुसरं नाव) एका आजोबांच्या गॅरेजमधून २,२०० डॉलरला घेतली, त्यांनी ती शिकारीला जाताना मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) मागे लटकवून न्यायला ठेवली होती. अमेरिकेत या गाडीचं आयुष्य असंच गेलंय, कॅम्पिंगवाले, शिकारी, मासे पकडणारे, गुरं राखणारे. वजन ८५ किलोच्या आसपास, त्यामुळे दोन माणसं सहज उचलून पिकअपमध्ये टाकतात. हँडल सैल केलं की ते आडवं वळतं आणि गाडी कमी जागेत मावते, पन्नास वर्षांपूर्वी हा विचार करून गाडी बनवली याचं मला अजून कौतुक वाटतं.

हिचा जन्मही मजेशीर आहे. १९६० च्या आसपास आयडाहो राज्यात बॉइझीच्या एका डीलरने होंडाच्या ५० सीसी कब नावाच्या छोट्या गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आणि गाठींचे टायर लावून डोंगरात जाणाऱ्यांना विकायला सुरुवात केली आणि त्या धडाधड खपल्या, ते बघून होंडाने स्वतःच ट्रेल ५० काढली आणि मग १९६४ ला ९० सीसीवाली आली. सुरुवातीच्या गाड्यांना मागे दोन स्प्रॉकेट असायची, एक लहान एक मोठं, डोंगर आला की उतरून चेनला तुकडा जोडायचा आणि मोठ्यावर चढवायची, हात काळे. १९६९ पासून इंजिनाखाली डाव्या बाजूला तो छोटा दांडा आला, गाडी थांबवून लोमध्ये टाकायचा की वेग जवळपास निम्मा आणि ताकद जवळपास दुप्पट. म्हणून घ्यायची तर १९६९ ची किंवा त्यानंतरचीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चालवण्याबद्दल, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पहिल्या दिवशी डावा हात सारखा क्लच शोधतो, साहजिक आहे, सगळं आयुष्य स्प्लेंडर आणि पल्सरवर गेलेलं. गिअर स्प्लेंडरसारखेच सगळे पुढे दाबायचे आणि टाचेने कमी करायचे, त्यामुळे आपल्या लोकांना तिथे काही अडचण येत नाही. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि ती कळली की गाडी वेगळीच वाटायला लागते. गिअरचा पेडल दाबून धरला की तेवढा वेळ क्लच सुटलेला असतो. म्हणजे तुमचा पायच क्लच आहे. चढावर मध्येच थांबलात, पहिल्या गिअरचा पेडल दाबून धरा, थोडे आरपीएम वाढवा आणि पेडल हळू सोडा, गाडी पुढे सरकते. झटकन सोडला तर पुढचं चाक हलकं होतं, काळजी घ्या. वरचा गिअर टाकतानाही तसंच, ॲक्सिलरेटर सोडायचा, पेडल दाबायचा आणि हळू वर येऊ द्यायचा, मग झटका बसत नाही. नुसतं खटाखट दाबत गेलात तर प्रत्येक गिअरला मान हलते आणि मग लोक म्हणतात की जुनी गाडी आहे धक्के मारते, गाडी मारत नाही, पाय मारतो.

मागच्या जुलैत कोलोरॅडोतल्याच सिल्व्हर्टनहून अल्पाइन लूप या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर घेऊन गेलो. सिल्व्हर्टनच मुळात ९,३०० फुटांवर, तिथून ॲनिमस फोर्क्स नावाचं खाणकामगारांचं ओस पडलेलं गाव ११,२०० फुटांवर आणि त्याच्या पुढे सिनॅमन पास ही खिंड १२,६४० फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच. मूळ ताकद सात हॉर्सपॉवर, आणि एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यामुळे त्यातला तिसरा हिस्सा तरी गेलेला. हाय रेंजमध्ये पहिला गिअरही दम टाकायला लागला तेव्हा थांबलो, लोमध्ये टाकली आणि मग ती जी चढायला लागली, चालणाऱ्या माणसापेक्षा थोड्या जास्त वेगाने, फट फट फट फट, सुटे दगड, पाण्याचे ओहोळ, बर्फ वितळून झालेला चिखल, एकदाही बंद पडली नाही. बंद पडणारच नाही, कारण आरपीएम उतरले की क्लच स्वतः सोडतो. माझ्या मित्राची मोठी मोटरसायकल, चांगली ४०० सीसीची, त्याच वळणांवर चार वेळा बंद पडली कारण हळू चालवताना एक बोट कायम क्लचवर ठेवावं लागतं आणि दगड चुकवायचा की क्लच सांभाळायचा यात तो थकून गेला. मी दोन्ही हातांनी हँडल धरून फक्त पुढचं चाक कुठे ठेवायचं एवढंच बघत होतो. मला हळू जाणं यामुळे आवडायला लागलं, आणि डोंगरात हळू गेलात तर फुलं दिसतात, मार्मोट (खारीच्या कुळातले मोठे प्राणी) दिसतात, वरच्या खाणींची लाकडी मचाणं दिसतात.

उतरताना लो रेंज पहिला गिअर, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक नावापुरते. हे महत्त्वाचं आहे कारण पूर्ण ऑटोमॅटिक जुन्या गाड्यांत हे नेहमी मिळत नाही. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने सत्तरच्या दशकात ऑटोमॅटिक एंड्युरो (कच्च्या रस्त्यांवरच्या लांब शर्यतींच्या) गाड्या काढल्या, चार गिअर आपोआप पडायचे, क्लच नाही, शिफ्टिंग नाही, स्वीडिश सैन्यानेही त्या तंत्राच्या गाड्या वापरल्या. एकदा ओळखीच्या माणसाची चालवायला मिळाली, चढावर आणि वाळूत नुसतं सुख, पण ॲक्सिलरेटर सोडला की सायकलसारखी मोकळी धावते, इंजिन अजिबात धरत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर. ज्याला शर्यतीसारखं पळवायचं त्याने ती बघावी. न्यू हॅम्पशायरची रोकॉन ट्रेल ब्रेकर वेगळी, तिची दोन्ही चाकं इंजिनावर चालतात आणि पोकळ चाकांत पेट्रोल नाहीतर पाणी भरता येतं, पण ती मी चालवलेली नाही.

तक्रारी आहेत. ड्रम ब्रेक ओले झाले की थोडा वेळ गायब, ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबत चालवून सुकवायचे. सहा व्होल्टचा दिवा रात्री कामाचा नाही, अंधार पडायच्या आत तंबूवर पोचायचं. मोठ्या रस्त्यावर नेऊ नका, सपाटीवर ताशी ७० च्या आसपास जाते पण मागून ट्रक येतो तेव्हा जीव नको होतो. पन्नास किलोमीटर दगडांवर गेलं की कंबर बोलते. पेट्रोलचं मात्र काही नाही, लिटरला पस्तीस ते चाळीस किलोमीटर मला मिळतं.

ऑइलबद्दल एक कळकळीचं सांगणं, गाडीचं ऑइल आणि क्लचचं ऑइल एकच आहे, त्यामुळे कारसाठीचं एनर्जी कन्झर्व्हिंग लिहिलेलं ऑइल टाकू नका, क्लच घसरायला लागतो. कागदी फिल्टर नाही, गोल फिरणाऱ्या कपात घाण साचते, म्हणून ऑइल लवकर लवकर बदला, लिटरभरही लागत नाही. क्लच ॲडजस्ट करायचा स्क्रू उजव्या कव्हरवर आहे, लॉकनट सैल केला की पाच मिनिटांचं काम. मी ऑनलाइन एक स्वस्त नवा कार्ब्युरेटर मागवला आणि पस्तावलो, दोन महिने गाडी कधी आयडल धरेना, कधी गुदमरायची, शेवटी जुनाच काढून उकळत्या पाण्यात साफ केला, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) बदलला आणि आजपर्यंत तोच चालतोय. मूळ कार्ब्युरेटर असेल तर फेकू नका.

बाबा गेल्या वर्षी इकडे आले होते, वय ६९. नगरला त्यांनी एकोणीस वर्षं लुना चालवली, बँकेत जायला, दळण आणायला, मला शाळेत सोडायला. मित्राच्या शेतावर गाडी काढली आणि मी समजावायला लागलो, बाबा, याला क्लच नाहीये, तर म्हणाले, अरे मला काय सांगतोस, तू टाकीपुढे उभा राहून यायचास तेव्हापासून मी बिनक्लचचीच चालवतोय. बसले आणि गेले. कुंपणापर्यंत जाऊन वळून आले, दुसऱ्या गिअरमध्येच होते, तिसरा टाकलाच नाही, आणि उतरल्यावर म्हणाले आवाज वेगळा आहे पण हाताला तीच लागते. मग अजून दोन फेऱ्या मारल्या. गुडघेदुखीमुळे त्यांनी तिकडे गाडी सोडून चार वर्षं झाली होती.

घ्यायला जाल तर सीट उचलून टाकी उघडा आणि टॉर्चने आत गंज बघा, टाकी सीटखालीच आहे. लो रेंजचा दांडा नुसता हलतो एवढ्यावर समाधान मानू नका, लोमध्ये टाकून चढावर चालवून बघा, ताण आला की सुटत असेल तर आतलं काम निघालंय आणि किमतीत ते धरा. आणि मालकाला विचारून गाडी थंड असताना स्वतः किक मारा, माझी तिसऱ्या किकला सुरू झाली होती, आजोबांनी चोक कुठे आहे ते दाखवलं तेवढंच.