चॉकलेटचं आमिष की रोजचं रुटीन?

लेक साडेचार वर्षांची आहे आणि खेळणी आवरायला आम्ही दोन्ही प्रकार करून बघितले. आधी चॉकलेट. पहिला आठवडा काय भारी गेला, सगळे ठोकळे डब्यात! मग एक दिवस घरातलं चॉकलेट संपलं तर सरळ म्हणाली, "मग मी का आवरू?" १९७३ साली अमेरिकेत लेपर वगैरे मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता, चित्रांची मुळातच आवड असलेल्या ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं ती नंतर आपणहून कमी चित्रं काढायला लागली, अगदी तेच झालं आमच्याकडे.

रुटीनला वेळ लागतो, तीन आठवडे नुसती रडारड. पण आता कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वतःच टोपली ओढत आणते, पिवळा ठोकळा सगळ्यात शेवटी, तो तिचा नियम. आणि यात आपणही शब्द पाळायचा, "आवरलंस की गोष्ट सांगते" म्हटलं तर सांगायचीच, कितीही दमलो असलो तरी. २०१३ च्या एका प्रयोगात शब्द पाळणाऱ्या मोठ्या माणसासोबत मुलं जास्तीचा खाऊ मिळावा म्हणून समोरचा न खाता सरासरी १२ मिनिटं थांबली, शब्द मोडणाऱ्यासोबत जेमतेम ३!

इंजेक्शनच्या दिवशी मात्र चॉकलेट खुशाल द्या, मी देते.