सुरू होताना अडकणारा लॅपटॉप आणि गायब होणारे वाय-फाय: इंटेलचे एएक्स२१० कार्ड चार महिने वापरल्यानंतर

सांगलीत कर सल्लागाराचे काम करणाऱ्या माणसाचा महिना २० तारखेभोवती फिरतो, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र त्या दिवसापर्यंत भरावे लागते. गेल्या वर्षी लागोपाठ दोन महिने नेमक्या त्याच दिवशी सकाळी माझा लॅपटॉप सुरू होताना अडकला. कंपनीचे चिन्ह येई, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागे आणि मग ते वर्तुळही थिजून जाई. पॉवरचे बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा सुरू केला, की विंडोज उघडे खरे, पण कोपऱ्यातले वाय-फायचे चिन्ह नाहीसे झालेले असे आणि त्या जागी नुसता पृथ्वीगोल दिसे.

हे परीक्षण त्या दुखण्यावर उपाय म्हणून घेतलेल्या इंटेल एएक्स२१० या वाय-फाय कार्डाचे आहे. मात्र कार्ड कसे आहे हे सांगण्याआधी ते घ्यायच्या निर्णयापर्यंत मी कसा पोहोचलो, हे सांगणे मला जास्त उपयोगाचे वाटते, कारण याच लक्षणांसाठी एका सेवा केंद्राने मला मदरबोर्ड बदलण्याचे १४,५०० रुपयांचे अंदाजपत्रक हातात दिले होते आणि तेही लॅपटॉपचे झाकण न उघडता.

पहिला धागा असा सापडला की ‘शट डाऊन’ करून दुसऱ्या दिवशी लॅपटॉप लावला तर तो अडके, पण ‘रीस्टार्ट’ केल्यावर सहसा अडकत नसे. वरवर पाहता हे उलटे वाटते. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर यंत्रणा पूर्णपणे बंद होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत डिस्कवर साठवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे एखादा ड्रायव्हर आजारी अवस्थेत झोपला तर सकाळी तो आजारीच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे कोरे सुरू होते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन मी ही सोय बंद केली, तेव्हा अडकणे कमी झाले, पण थांबले नाही.

दुसरा धागा ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये मिळाला. वाय-फाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण होता आणि आत ‘कोड १०’ लिहिलेले होते, म्हणजे हे उपकरण सुरू होऊ शकत नाही. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरले की कार्ड पुन्हा जिवंत होई आणि दीड-दोन दिवस नीट चाले. हा उपाय कोणालाही फुकटात करून पाहता येतो आणि पुष्कळांचे दुखणे तेवढ्यानेच जाते. माझे गेले नाही. ड्रायव्हर काढून नवा टाकणे आणि राउटर बदलून पाहणे हेही झाले. फोनच्या हॉटस्पॉटला जोडले तरी कार्ड तसेच तुटत होते, त्यामुळे राउटर निर्दोष ठरला. एसएसडीची प्रकृतीही तपासली, कारण सुरू होताना अडकणाऱ्या लॅपटॉपमध्ये पहिला संशयित डिस्कच असते. तीही ठणठणीत निघाली.

शेवटी मी मागचे झाकण उघडून जुने कार्डच काढून ठेवले आणि एका बैठकीत दहा वेळा लॅपटॉप बंद-चालू केला. दहाही वेळा तो विनातक्रार उघडला. कार्ड परत बसवले, तर तिसऱ्याच वेळी वर्तुळ थिजले. दोन वेगळी वाटणारी दुखणी एकाच तुकड्यातून येत होती: कार्ड जागे होत नव्हते, ड्रायव्हर त्याची वाट पाहत बसत होता आणि त्याच्यामागे अख्खे विंडोज ताटकळत होते.

आता कार्डाविषयी. एएक्स२१० हे लॅपटॉपच्या आतल्या एम.२ नावाच्या खाचेत बसणारे २२३० मापाचे, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब कार्ड आहे. मला ते १,८५० रुपयांना मिळाले. खरेदी करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. याच कंपनीची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे दिसायला जवळजवळ सारखीच असतात आणि किमतीतही फारसा फरक नसतो, पण ती फक्त इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतात, कारण त्यांचे निम्मे काम प्रोसेसरच्या बाजूच्या चिपमध्ये होते. एएक्स२१० स्वयंपूर्ण असल्याने एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालते, आणि माझा एएमडीचाच आहे. वाय-फाय मदरबोर्डवरच पक्के डाग दिलेले असेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारी मूळ आज्ञावली, तर अनोळखी कार्ड दिसल्यास सुरू व्हायलाच नकार देते. म्हणून आधी झाकण उघडून पाहावे, मग मागणी नोंदवावी. वॉरंटी शिल्लक असेल तर अर्थातच झाकणाला हात लावू नये.

बसवणे अवघड नाही, पण ते नाजूक काम आहे. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला. झाकणाचे अकरा स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे निघाले, म्हणून ते मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्यांमध्ये क्रमाने ठेवले. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली. कार्डावर एक काळी आणि एक पांढरी अशा अँटेनाच्या दोन तारा येतात आणि त्यांच्या टोकांची टोपणे राळ्याच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतात. टोपण बरोबर मध्यावर धरून नखाने सरळ खाली दाबले की बारीकसा ‘टक’ आवाज येतो. तिरके दाबले तर कडा वाकते आणि मग ते कधीच घट्ट बसत नाही. माझे पांढरे टोपण पहिल्या खेपेस बसलेच नव्हते. वाय-फाय सुरू झाले, पण शेजारच्या खोलीत गेल्यावर सिग्नल एका रेघेवर आला, तेव्हा पुन्हा अकरा स्क्रू उघडावे लागले.

वेगाबद्दल खोक्यावर जे लिहिले आहे त्याने हुरळून जाऊ नये. हे कार्ड वाय-फाय ६ई जातीचे असून सेकंदाला २.४ गिगाबिटपर्यंतचा वेग सांगते, पण तो वेग १६० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा आणि तसाच राउटर असेल तेव्हाचा. माझा राउटर वाय-फाय ५चा, म्हणजे जुन्या पिढीचा आहे. जुने कार्ड त्याच्याशी ४३३ मेगाबिटने जोडले जाई, हे ८६६ने जोडले जाते. घरातले इंटरनेटच १०० मेगाबिटचे असल्याने पोर्टल उघडायला लागणाऱ्या वेळात मला काडीचाही फरक दिसला नाही. फरक दिसला तो पल्ल्यात: मागच्या ओसरीवर पूर्वी जोडणी तुटायची, आता तिथे बसून व्हिडिओ बैठक पार पडते.

तक्रारीही आहेत. पहिल्या आठवड्यात लॅपटॉप झोपेतून उठला की वाय-फाय जोडायला अर्धा मिनिट घेई. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढल्यावर हे थांबले, पण ज्याला ही खूण कुठे असते ते ठाऊक नाही त्याने नवे कार्डही सदोष समजून परत केले असते. विंडोजने स्वतःहून टाकलेला ड्रायव्हर जुना होता. इंटेलच्या संकेतस्थळावरून घेतलेला टाकल्यावर ब्लूटूथ माउसचे अधूनमधून अडखळणेही गेले. खोक्यात कार्डाशिवाय काहीच नव्हते, स्क्रू नाही की माहितीचा कागद नाही, आणि बसवणे स्वतःच करायचे असताना इतकी काटकसर मला पटली नाही.

ज्यांना झाकण उघडायचा धीर होत नाही त्यांनी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून जुने कार्ड नुसते काढून घ्यावे आणि यूएसबीचा वाय-फाय डोंगल लावावा. हा मार्ग स्वस्त आहे आणि अडकण्याचे कारण कार्डच असेल तर तेवढाच परिणामकारकही आहे. फक्त एक यूएसबी खाच कायमची अडते. मला डिजिटल सहीचा टोकन, माउसचा रिसीव्हर आणि पेन ड्राइव्ह असे तिन्ही लागत असल्याने तो परवडला नाही.

कार्ड बसवल्यापासून चार २० तारखा गेल्या. फास्ट स्टार्टअप मी अजून बंदच ठेवले आहे, त्यामुळे लॅपटॉप उघडायला पूर्वीपेक्षा पाच-सहा सेकंद जास्त लागतात, आणि तेवढा वेळ मी ठिपक्यांचे वर्तुळ पूर्ण फिरेपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो.