तंबू कुठे टाकायचा: राऊंड व्हॅली की स्प्रूस रन?

मे उजाडला की एडिसन-ब्रिजवॉटरच्या आपल्या मंडळींत हा प्रश्न निघतोच. दोन्ही न्यू जर्सी राज्याची पार्कं, दोन्ही क्लिंटनजवळ, दोन्हीकडे पिण्याच्या पाण्याचा जलाशय. एकाहून दुसरीकडे गाडीने दहा-पंधरा मिनिटं. स्वभाव मात्र अगदी वेगळे.

राऊंड व्हॅलीत 55 अब्ज गॅलन पाणी मावतं, म्हणजे आपल्या हिशेबात सव्वासात टीएमसीच्या वर. स्प्रूस रन जेमतेम दीड टीएमसी, खडकवासल्याहूनही लहान. स्प्रूस रनला ओढे येऊन मिळतात. राऊंड व्हॅलीत मात्र रॅरिटन नदीच्या दक्षिण फाट्याचं पाणी पंपाने चढवावं लागतं. खोली 180 फुटांपर्यंत, पाणी नितळ आणि गार, त्यामुळे ट्राउटवाले तिथेच गळ टाकून बसतात.

फोटो बघून सगळ्यांना राऊंड व्हॅलीच हवी असते. आम्हीही तसेच गेलो. तिथे तंबूच्या जागेपर्यंत गाडी जात नाही. चालत, सायकलने किंवा होडीने तीन ते सहा मैल. चाकांचा कूलर आहे की, म्हणून आम्ही निवांत. पहिल्या चढावर मुळांमध्ये चाक अडकलं, मग दोघांनी दोन कड्या धरून तो कूलर पालखीसारखा वाहिला. आत काय, तर श्रीखंड आणि तीन किलो बर्फ! रात्र मात्र अशी शांत, की पैसे वसूल.

स्प्रूस रनमध्ये गाडी तंबूशेजारी लावता येते, शॉवर आहेत, आजी-आजोबांना खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसता येतं. शेजारचा तंबू जवळ असतो, त्याच्या गप्पा ऐकाव्या लागतात. शिवाय ऐन उन्हाळ्यात शेवाळामुळे पोहणं बंद झाल्याचे प्रसंग आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. होडीला दोन्हीकडे 10 अश्वशक्तीपर्यंतचंच इंजिन चालतं. दारू दोन्हीकडे बंद, हे मित्रांना आधीच सांगून ठेवा.

वाऱ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. राऊंड व्हॅलीत तो अचानक उठतो, लाटा येतात, आणि तिथे बुडालेल्या काहींचे मृतदेह आजवर मिळालेले नाहीत. कयाक नवीन शिकत असाल तर स्प्रूस रनलाच, तेही काठाकाठाने. राऊंड व्हॅलीत लाइफ जॅकेट पायाशी ठेवायचं नाही, अंगात हवं.

लहान मुलं, पहिलाच तंबू, सोबत आईबाबा: स्प्रूस रन. पाठीवर मावेल तेवढ्यात दोन दिवस भागत असतील तर राऊंड व्हॅली. श्रीखंड घरी ठेवा.