लग्नाआधीची एचपीएलसी: नाशिकमध्ये कुठली तपासणी घ्यावी, कुठली सोडावी

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचा वाहक (एक सदोष जनुक असलेला, पण स्वतः ठणठणीत) आहोत का, हे शोधायला नाशिकमध्ये सध्या तीन वाटा आहेत. आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात होणारी फुकट सोल्युबिलिटी चाचणी, लॅबमधली एचपीएलसी (यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण मोजणारी चाचणी) आणि मोबाइलवर जाहिरातीत दिसणारं लाळेचं ‘डीएनए पॅकेज’. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लग्न ठरवणाऱ्यांनी एचपीएलसी करावी. फुकटची चाचणी तिच्या जागी चोख आहे, पण ती चाळणी आहे, निकाल नव्हे. तिसऱ्या प्रकारावर या प्रश्नासाठी पैसे घालू नयेत.

सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात सिकलसेलचं नाव आता घरोघरी माहीत आहे. शहरात मात्र ‘आमच्यात नसतं’ हे उत्तर फार ऐकू येतं. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त सापडतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी विदर्भ-खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना सिकलसेलचा प्रश्न लागू आहे. बाकीच्यांतही दोन्ही सापडतात, प्रमाण कमी इतकंच. आणि दोघांपैकी एकाला सिकलसेलचा जनुक, दुसऱ्याला बीटा थॅलेसेमियाचा असेल, तरी मुलाला आजार होऊ शकतो. हे गणित लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून नुसती सिकलसेलची चाचणी लग्नासाठी अपुरी पडते.

आता फुकटच्या चाचणीबद्दल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी सोल्युबिलिटी वापरतात. बोटातून साधारण २० मायक्रोलिटर रक्त घेऊन २ मिलि द्रावणात टाकायचं. त्यातलं सॅपोनिन लाल पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, आणि एस, म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन असेल तर ते न विरघळता द्रावण गढूळ करतं. पाच मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. स्वस्त, वीज नको, आश्रमशाळेच्या व्हरांड्यात शंभर मुलं दुपारपर्यंत उरकतात.

पण ती एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) यांत फरक करत नाही. म्हणजे ठणठणीत वाहक आणि रुग्ण, दोघांची नळी सारखीच गढूळ. सहा महिन्यांखालच्या बाळात एफ, म्हणजे गर्भावस्थेतलं, हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ती चकवते. हिमोग्लोबिन सात-आठ ग्रॅमच्या खाली असेल तर एस असूनही गढूळपणा पुरेसा येत नाही. अशा वेळी रक्त दुप्पट घ्यावं लागतं, आणि घाईच्या शिबिरात हेच राहून जातं. रक्तात चरबी फार असेल तर उलट, एस नसतानाही द्रावण गढूळ दिसतं. डायथायोनाइट हवेने खराब होतं. बाटली उघडी राहिली किंवा उन्हात गाडीत पडली की सगळे निकाल निगेटिव्ह येऊ लागतात. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर एक माहितीचा पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावायचा असतो. तो लावला का, हे विचारायला लाजू नये. आणि ही चाचणी थॅलेसेमियाबद्दल अवाक्षर बोलत नाही.

काही ठिकाणी द्रावणाऐवजी पट्टीचे किट येतात. दहा-पंधरा मिनिटांत ते एए (निर्दोष), एएस, एसएस वेगळे दाखवतात, त्यामुळे सोल्युबिलिटीपेक्षा एक पायरी वर. फक्त एक गोम आहे. सिकल स्कॅन या किटवर एखाद्या प्रकारचं हिमोग्लोबिन असेल तर त्याची रेघ उमटते. हिमोटाइप एससी या किटवर तेच हिमोग्लोबिन असेल तर रेघ उमटत नाही. एका किटवर हात बसलेल्या माणसाने दुसरं किट त्याच सवयीने वाचलं की निकाल उलटा. किट बदललं की पुन्हा प्रशिक्षण हवंच, माहितीपत्रक डब्यात ठेवून भागत नाही.

एचपीएलसी खासगी लॅबमध्ये साधारण हजार रुपयांच्या आगेमागे पडते. दरपत्रकावर ती पुष्कळदा ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’ नावाने असते, तेव्हा पद्धत कोणती ते विचारून घ्यावं. उपाशीपोटी जायची गरज नाही. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत २ मिलि रक्त, आणि नळी हळुवार आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. हे केलं नाही की बारीक गुठळी होते आणि नमुना परत मागवतात. नमुना २ ते ८ अंशांत काही दिवस टिकतो, पण गोठलेल्या आइस पॅकला नळी थेट टेकली तर पेशी फुटतात. सुरगाणा-कळवणहून शहरात नमुने पाठवणाऱ्यांनी मध्ये कागदाचा किंवा थर्माकोलचा थर द्यावा.

त्याच वेळी सीबीसीही (रक्तपेशींची साधी मोजणी) करून घ्या. त्याशिवाय एचपीएलसीचे आकडे अर्धेच कळतात. ए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार साधारण ३.५ टक्क्यांखाली असतो. ४ च्या वर गेला, शिवाय एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि लाल पेशींची संख्या मात्र चांगली, तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. मधले ३.५ ते ४ हेच खरं डोकेदुखीचं घर. लोहाची कमतरता ए२ खाली ओढते, त्यामुळे वाहक लपून जाऊ शकतो. बी-१२ ची कमतरता ते थोडं वर ढकलते, आणि निव्वळ शाकाहारी घरांत ही कमतरता काही दुर्मीळ नाही. अशा वेळी फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ बघून, औषध घेऊन तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासावं. बाई गरोदर असेल तर मात्र तीन महिने थांबायचं नाही, नवऱ्याचं रक्त लगेच तपासायचं.

सिकलसेलच्या वाहकात एस बहुधा ३० ते ४० टक्के आणि ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, त्याहून जास्त असतं. एस जर ए पेक्षा जास्त दिसलं तर ‘वाहक’ लिहून मोकळं होता येत नाही. तो सिकल-बीटा थॅलेसेमिया असू शकतो आणि आईवडिलांचे रिपोर्ट लागतात. रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं ए मिसळतं आणि एसएस रुग्ण कागदावर एएस दिसतो. म्हणून शेवटचं रक्त चढवल्याला तीन महिने झाले का, हा प्रश्न फॉर्मवर असलाच पाहिजे. जी लॅब हा प्रश्न विचारत नाही तिचा पाचपैकी एक तारा आम्ही तिथेच कापतो. आणखी एक: एस असताना यंत्र ए२ थोडं फुगवून दाखवतं, म्हणून एएसच्या रिपोर्टवर ए२ चार दिसलं तर लगेच थॅलेसेमियाची भीती घालू नये.

(मधुमेहाच्या एचबीएवनसी रिपोर्टवर ‘व्हेरिअंट विंडो’ असा शेरा आलेला असेल, तर तोही फेकू नका. पुष्कळांना आपल्या वेगळ्या हिमोग्लोबिनचा पहिला सुगावा तिथेच लागतो.)

दोघेही वाहक निघाले तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजाराची. लग्न मोडायचा हा आदेश नव्हे. डीएनए तपासणीचं खरं काम इथून सुरू होतं. आधी दोघांचा नेमका बदल शोधायचा, मग दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन गर्भाची तपासणी. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था हे काम करते. नाशिककरांनी गरोदर राहिल्यावर धावपळ करण्यापेक्षा आईवडिलांची डीएनए तपासणी आधीच संपवावी. नाहीतर आठवडे तिथेच निघून जातात.

लाळेच्या पॅकेजांचं दुखणं हेच, की त्यांतली पुष्कळशी डीएनएमधल्या ठरावीक जागांची यादी धरून तेवढीच अक्षरं वाचतात. भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत सामान्य बदल आयव्हीएस १-५ नावाचा आहे, सिंधी वाहकांत पुष्कळदा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला असतो. ते त्या यादीत नसेल तर चकचकीत चाळीस पानी रिपोर्ट ‘धोका नाही’ म्हणतो. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने आपल्याकडच्या सुमारे दहा हजार लोकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, त्यामुळे पुढे या याद्या सुधारतील. आजच्या घडीला मात्र हजाराची एचपीएलसी पुढे आहे.

‘आता जीन एडिटिंगने बरं होतं, मग तपासायचं कशाला’ असंही विचारतात. कॅसजेव्ही हा क्रिस्पर या जनुक-कात्रीवर आधारलेला पहिला उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत मंजूर झाला. चाचणीतल्या सिकलसेलच्या ३१ पैकी २९ रुग्णांना किमान सलग वर्षभर तीव्र वेदनांचे झटके आले नाहीत. पण किंमत २२ लाख डॉलर, आणि आधी जोरदार केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुकसंशोधन संस्थेने ‘बिरसा १०१’ हा देशी उपचार पुढे आणला आहे. तो कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचेपर्यंत झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि वेळेवर सीबीसी हाच रुग्णाचा आधार.

पाचपैकी तारे: सोल्युबिलिटीला चाळणी म्हणून चार, लग्नाचा निकाल म्हणून एक. सीबीसीसह एचपीएलसीला साडेचार. अर्धा कापला तो अशा लॅबसाठी, ज्या आलेखाचं पान न देता नुसते आकडे हातात ठेवतात. ते पान मागून घ्या. पुढे डॉक्टर बदलले तरी आलेखातली हिमोग्लोबिनची शिखरं कुठे होती ते त्यावरूनच कळतं.