अवतरण, स्वतःचे शब्द की भाषांतर? प्रबंध लिहिताना काय निवडावं

पूर्वसंशोधनाचा आढावा लिहायला बसलं की प्रश्न पडतोच: दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं द्यावं, स्वतःच्या शब्दांत मांडावं, की इंग्रजी लेखातलं मराठीत आणावं? निवडण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. श्रेय न देणं म्हणजे वाङ्मयचौर्य. हक्कदाराची परवानगी न घेता, कायद्याने दिलेल्या सवलतीपलीकडे नक्कल करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग. महात्मा फुले १८९० साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. तरी त्यांचा परिच्छेद नाव न देता प्रबंधात घातला, तर ती चोरीच. उलट, हयात कवीचा अख्खा संग्रह परिशिष्टात छापला, तर नाव दिल्याने परवानगीची गरज टळत नाही.

शब्दशः अवतरण तिथेच द्यावं, जिथे मूळ शब्द हाच तुमचा पुरावा आहे: कवितेची ओळ, कायद्याचं कलम, मुलाखतीतलं वाक्य. अवतरणचिन्हं, लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक हवेतच. संशोधन, समीक्षा किंवा परीक्षणासाठी रास्त वापर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. मात्र किती शब्द चालतील याचा आकडा त्यात नाही. पानभर अवतरणं देऊन मधे दोन ओळी जोडल्या, तर ते प्रकरण तुमचं उरत नाही.

आढाव्यासाठी माझा कौल स्वतःच्या शब्दांना. पण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. समजा, मूळ वाक्य असं आहे: ‘दुष्काळी कामांवर स्त्रियांची संख्या वाढली, कारण पुरुष कामाच्या शोधात शहरांकडे गेले होते.’ त्याचं ‘दुष्काळी कामांवर महिलांचं प्रमाण वाढलं, कारण पुरुष रोजगारासाठी शहरांत गेले होते’ असं केलं, तर फक्त शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तोच राहिला. अवतरणचिन्हं नसताना, खाली संदर्भ असला तरी, हे वाङ्मयचौर्यात मोडतं. पुस्तक मिटून लिहा: ‘स्त्रियांच्या वाढत्या सहभागाचा संबंध हा अभ्यास पुरुषांच्या स्थलांतराशी जोडतो, घरी राहिलेल्या पुरुषांचं काय, याकडे तो वळत नाही.’ हे तुमचं वाचन झालं. संदर्भ इथेही द्यायचाच, कारण विचार त्यांचा आहे.

भाषांतराची वाट सर्वांत मोहाची. इंग्रजी लेख मराठीत उतरवला की प्रबंधाचं इतर मजकुराशी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला जुळणारं वाक्य सहसा सापडत नाही. पण परीक्षकाने तो लेख वाचलेला असू शकतो. भाषांतरित उतारा हाही उताराच आहे: अवतरणचिन्हांत द्या, ‘भाषांतर संशोधकाचं’ अशी नोंद करा. लांबलचक मजकूर घ्यायचा असेल तर परवानगी मागा, कारण भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराकडेच असतो.

सॉफ्टवेअरच्या अहवालात साम्य ‘किती टक्के आलं?’ या प्रश्नाभोवती विद्यार्थी फार अडकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांवर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात, म्हणून टक्के कमी करायला अवतरणचिन्हं काढून शब्द फिरवणं हा उलटा उद्योग आहे. शिवाय मराठीतली कितीतरी जुनी पुस्तकं या सॉफ्टवेअरच्या संग्रहात नाहीतच. अहवालात शून्य आलं तरी चोरी झालेली असू शकते.

छायाचित्रं, नकाशे आणि तक्ते यांना मात्र ‘स्वतःचे शब्द’ हा पर्याय नाही. आकडेवारी घेऊन तक्ता नव्याने मांडता येतो, स्रोत सांगून. छायाचित्रासाठी हक्कदाराला लिहा किंवा खुल्या परवान्याचं चित्र शोधा आणि परवान्याच्या अटी पाळा. प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुला होतो, त्यामुळे परवानगीचं पत्र मागायचं ते प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात नाही, चित्र निवडलं त्याच दिवशी.