पाणी न सापडणारा शोध : रेग्युलर एक्स्प्रेशन आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या संस्थेने तालुक्यातल्या चौदा ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांचे जुने ठराव टंकलिखित करून घेतले आहेत. कोणत्या गावाने कोणत्या वर्षी कशासाठी ठराव केला, याच्या याद्या काढून देणे हे माझे काम. त्यासाठी पूर्वी एक विकतचे शोध-सॉफ्टवेअर होते. त्याचे नूतनीकरण दरवर्षी महाग होत गेले, आणि मराठी शब्द नीट सापडत नाहीत अशी तक्रार केली की "इंग्रजीत व्यवस्थित चालते" एवढेच उत्तर मिळे. संस्थेचा पैसा देणगीतून येतो, तो असा घालवणे मला पटेना. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी सगळे काम पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातले रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे हव्या मजकुराचा नमुना (पॅटर्न) खुणांनी लिहून शोधण्याची पद्धत, यांवर आणले. पायथॉनसोबत येणारे ‘री’ मॉड्यूल, म्हणजे या शोधाच्या तयार सोयींचा संच, विनामूल्य आहे आणि त्याची कागदपत्रे चांगली आहेत. पहिले सात महिने मी त्याची स्तुतीच करत होते.

ती स्तुती मागच्या महिन्यात थांबली. एका गावच्या सरपंचताईंनी विचारले, "आमच्या गावानं आजवर पाण्यावर किती ठराव केले, तेवढी यादी काढून द्या." मी ‘पाणी’ हा शब्द दोन्ही बाजूंना शब्दसीमेचे चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-बी, लावून शोधला. नऊ ठराव आले आणि यादी मी त्याच दिवशी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला : "ताई, सार्वजनिक विहिरीचे पाणी पिण्यासाठी राखून ठेवायचा ठराव मी स्वतः मांडला होता. सूचक म्हणून माझं नाव आहे. तो यात कसा नाही?"

ठराव फाइलमध्ये होता. ‘विहिरीचे पाणी पिण्यासाठी’ हे शब्दही स्वच्छ टंकलेले होते. मग मी आलेले नऊ ठराव एकेक करून वाचले, आणि त्या नवांपैकी एकातही ‘पाणी’ हा सुटा शब्द नव्हता. सगळीकडे पाणीपुरवठा, पाणीपट्टी किंवा पाणीटंचाई होते. म्हणजे मी जे मागितले होते त्याच्या नेमके उलटे मला मिळाले होते : सुटा शब्द हवा होता तो एकदाही सापडला नाही, आणि जोडशब्द नको होते तेच सापडले.

कारण समजायला मला अडीच दिवस लागले. ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येणारच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या मानकात, प, ण, घ ही अक्षरे ‘अक्षर’ या वर्गात मोडतात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडणारा हलन्त ही मात्र अक्षरे नसून ‘चिन्हे’ आहेत. ‘री’ मॉड्यूलचा बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दात चालणारे अक्षर’, फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच मानतो. चिन्हे तो मानत नाही. शब्दसीमा याच व्याख्येवर ठरते : एका बाजूला शब्दाचे अक्षर आणि दुसऱ्या बाजूला तसे नसलेले काहीतरी असेल, तर तिथे सीमा. आता ‘पाणी’ या शब्दाचे शेवटचे चिन्ह दीर्घ वेलांटी. ती शब्दाची नाही आणि तिच्यापुढची मोकळी जागाही शब्दाची नाही, म्हणून तिथे सीमाच नाही. ‘पाणीपुरवठा’मध्ये मात्र वेलांटीपुढे ‘पु’मधला प येतो, तो शब्दाचा आहे, म्हणून शब्दाच्या ऐन मध्यावर सीमा उभी राहते.

हे पडताळून पाहायचे असेल तर ‘ग्रामपंचायत’ हा शब्द बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि अधिकच्या चिन्हाने (‘एक किंवा अधिक’) तोडून पाहावा. हाती पाच तुकडे येतात : ग, र, मप, च, यत. ते तुकडे पडद्यावर पाहिले तेव्हा मला खरोखर वाईट वाटले. ज्या शब्दावर आमचे सगळे काम उभे आहे, त्याचा असा भुगा निमूटपणे, कोणतीही चूक न दाखवता होत होता.

मग सात महिने हे लक्षात का आले नाही? त्या काळात मी मुख्यतः ‘गटार’ आणि ‘घर’ हे शब्द शोधत होते, आणि दोन्ही र या साध्या अक्षरावर संपतात. ‘घर’ शोधले की घर तर सापडेच, पण घरे, घरात, घराला, घरांना हेही सापडत, आणि घरपट्टी किंवा घरकुल सापडत नसे. मला वाटले, याला मराठीच्या विभक्त्या कळतात! मी सहकाऱ्यांना तसे सांगितलेही होते. प्रत्यक्षात ‘घर’च्या पुढे काना किंवा मात्रा आली की सीमा मानली जात होती आणि प किंवा क आला की मानली जात नव्हती, एवढेच. ‘घरचे’ आणि ‘घरचा’ सुटून जात होते, याच्याकडे मी पाहिलेच नव्हते. ज्या सोयीचे मी कौतुक केले ती आणि ज्या दोषाने माझी यादी चुकली तो, ही एकच गोष्ट होती.

माझा खरा रोष कशावर आहे तेही सांगते. पायथॉन ३ मध्ये चलाचे, म्हणजे माहिती साठवायच्या जागेचे, नाव देवनागरीत ठेवता येते. ‘पाणी’ या नावाचे चल मी स्वतः करून पाहिले आणि ते चालले. म्हणजे नाव ओळखताना हीच भाषा वेलांटीला शब्दाचा भाग मानते आणि शोध घेताना मानत नाही. युनिकोडने रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी जे मार्गदर्शक तांत्रिक टिपण काढले आहे, त्यातही शब्दाच्या अक्षरांत चिन्हे धरावीत असेच आहे. बॅकस्लॅश-डब्ल्यू लॅटिनेतर लिप्यांना उपयोगी पडत नाही, ही तक्रार पायथॉनच्या दोष-नोंदवहीत २००७ सालची आहे. माझ्या संगणकावरच्या आवृत्तीत वर्तन अजून तेच आहे. पर्ल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेने रूढ केलेली ही खूण मुळात अक्षर, अंक आणि अधोरेषा अशा इंग्रजी वळणाच्या नावांसाठी होती. ज्या भाषेत प्रत्येक अक्षर सुटे उभे राहते तिथे ती पुरते. जिथे स्वर व्यंजनाला चिकटून लिहितात तिथे पुरत नाही, आणि न पुरल्याचे सांगतही नाही. चूक दाखवून थांबणारे साधन मला चालते. चुकीचे उत्तर शांतपणे देणारे साधन ग्रामसभेच्या कामाला चालत नाही.

एवढे लिहूनही रेग्युलर एक्स्प्रेशन मी सोडलेले नाही, कारण बाकी कामात त्याने जे दिले ते दुसऱ्या कशाने दिले नसते. तारखांचेच पाहा. तीन टंकलेखकांनी तीन तऱ्हांनी तारखा लिहिल्या आहेत : कुठे तिरक्या रेघा, कुठे टिंबे, कुठे आडव्या रेघा; काही ठिकाणी अंक देवनागरी तर काही ठिकाणी इंग्रजी. मला वाटले होते, दोन वेगळे पॅटर्न करावे लागतील. पण पायथॉनमध्ये अंकाची खूण, बॅकस्लॅश-डी, देवनागरी अंकही आपोआप ओळखते, आणि सापडलेल्या ‘१५’चा पूर्णांक पायथॉनचे int फंक्शन थेट करून देते. जावास्क्रिप्टमध्ये हीच खूण फक्त इंग्रजी अंक पाहते. पॅटर्नमधल्या कंसांच्या गटांना मी दिवस, महिना, वर्ष अशी मराठी नावे दिली आणि तीही चालली. १५ ऑगस्टच्या सगळ्या ग्रामसभा एका ओळीच्या पॅटर्नने वर्षवार लागल्या, त्या संध्याकाळचा आनंद मी विसरलेले नाही. हाताने तेच काम करायला मला दोन आठवडे लागले असते.

व्हर्बोज मोडचीही शिफारस मनापासून करते. त्यात पॅटर्न अनेक ओळींत मोडून प्रत्येक ओळीपुढे मराठीत टिपण लिहिता येते. मी न लिहिलेले पॅटर्न महिन्याभराने मला वाचता येत नसत, आणि खरे सांगायचे तर स्वतः लिहिलेलेही नसत. टिपणांमुळे आता कार्यालयातली नवी मुलगीही ते दुरुस्त करू शकते.

हावरेपणाचा, म्हणजे पॅटर्न जमेल तितका जास्त मजकूर ओढून घेतो त्याचा, फटका सगळ्यांना बसतो, तसा मलाही बसला. ‘सूचक’पासून ‘अनुमोदक’पर्यंतचा मजकूर हवा म्हणून मधे टिंब आणि तारका (‘काहीही, कितीही’) लिहिली, तर पहिल्या ठरावातल्या सूचकापासून सभेच्या शेवटच्या अनुमोदकापर्यंत सगळे एकत्र आले. तारकेपुढे प्रश्नचिन्ह लावले की भागते, त्यामुळे याचा मी दोष धरत नाही.

त्याहून मोठा दोष अडकण्याचा आहे. सहीच्या जागी टंकलेखकांनी टिंबांच्या लांब ओळी भरल्या होत्या, काही ठिकाणी मधे मोकळी जागा ठेवून. मी (\.+ *)+सही असा पॅटर्न लिहिला, म्हणजे टिंबांचा गट, मग असल्यास मोकळी जागा, असे कितीही वेळा आणि शेवटी ‘सही’. पुढे ‘सही’ असले तर तो क्षणात चाले; एका ओळीत चाळीस टिंबे होती आणि ‘सही’ शब्दच नव्हता, तिथे संगणक रात्रभर फिरत राहिला. चाळीस टिंबांचे गट पाडण्याच्या तऱ्हा ५४ हजार कोटींहून अधिक होतात, आणि मागे फिरून पाहणारे इंजिन त्यातली एकेक तऱ्हा तपासत बसते. आतले अधिकचिन्ह काढून (\. *)+सही केले की प्रत्येक टिंबाला एकच तऱ्हा उरते आणि काम लगेच संपते. मी एकटी असते तर ही माझीच चूक म्हटली असती. पण २०१६च्या जुलैमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ मोकळ्या जागा छाटणाऱ्या अशाच एका पॅटर्नमुळे ३४ मिनिटे बंद होते, आणि २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा एका पॅटर्नमुळे २७ मिनिटे कोलमडली होती. संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्प्सन यांनी १९६८ सालीच असे मागे न फिरता शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात मजकुरावरून एकदाच पुढे जात सगळ्या शक्यता सोबत घेतल्या जातात. पुढे सोयी वाढवण्याच्या ओघात बहुतेक भाषांनी दुसरा मार्ग धरला. पायथॉनच्या ३.११ आवृत्तीपासून एकदा घेतलेले परत न सोडणारे गट लिहिता येतात, आणि अशा ठिकाणी ते उपयोगी पडतात.

आता पाण्याकडे परत येते, कारण हा मजकूर अर्धा लिहून झाला असताना माझे मत बदलले. ‘रेजेक्स’ या नावाचे एक स्वतंत्र मॉड्यूल पिप या पायथॉनच्या बसवणी-साधनाने बसवता येते, तेही विनामूल्य. त्याचा बॅकस्लॅश-डब्ल्यू चिन्हांना शब्दात धरतो. तोच पॅटर्न, मॉड्यूलचे नाव तेवढे बदलून चालवला आणि विहिरीचे पाणी सापडले. पाणीपुरवठा त्यातून बाहेर गेला. मला आधी वाटे तसा हा रेग्युलर एक्स्प्रेशन या पद्धतीचा दोष नसून एका मॉड्यूलच्या व्याख्येचा आहे, हे मला मान्य करावे लागले.

त्याचबरोबर ‘घर’ची ती फुकटची सोयही गेली. आता घरात, घराला सापडत नाहीत, आणि सापडू नयेत हेच बरोबर आहे, कारण मी ‘घर’ मागितले होते. सामान्यरूप हवे असेल तर ते आपणच लिहायला हवे. पाण्यासाठी शेवटची सीमा काढून पा(णी|ण्या) असा पॅटर्न केला, म्हणजे पाणी, पाणीपट्टी, पाण्याची, पाण्यासाठी सगळे एकत्र येतात. हे लिहिताना जाणवले की नामाचे सामान्यरूप शाळेत पाठ केले होते, ते मला आज प्रथमच असे कामी आले. त्या गावचे ठराव नवावरून सत्तेचाळीसवर गेले.

आणखी दोन खाचा सांगून ठेवते. [अ-ह] लिहिले की सगळी मुळाक्षरे आली असे समजू नये. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये देवनागरी अंकांच्याही पुढे बसवलेले आहे, त्यामुळे ‘ॲडव्हान्स’मधला पहिला वर्ण त्या कंसाबाहेर राहतो. आणि ‘बंधाऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकलेला असतो : एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र वेगळे ठरतात. त्यासाठी बंधा(ऱ्या|र्‍या) असे दोन्ही लिहावे. डोळ्यांना ही पुनरुक्ती वाटेल, पण ती काढू नये; आमच्या नव्या मुलीने ती एकदा काढली आणि एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा ठराव यादीतून गेला.

पंचायतीच्या संगणकावर नवे मॉड्यूल बसवायची परवानगी नसते. तिथे ‘री’वरच भागवायचे असेल तर बॅकस्लॅश-बी अजिबात वापरू नये आणि सीमा स्वतः लिहावी : (?<![ँ-ॿ])पाणी(?![ँ-ॿ]). याचा अर्थ, आधी आणि नंतर देवनागरी गटातले काहीही नको. यात दंडही त्याच गटात मोडतो. एका निवृत्त ग्रामसेवकांनी सगळी वाक्ये दंडाने संपवली आहेत, तेव्हा त्यांच्या फाइलींत आधी दंडाच्या जागी पूर्णविराम करून घ्यावा लागला.

सरपंचताईंना सुधारित यादी दिली आहे. त्यांचा ठराव त्यात सूचकाच्या नावासह आहे. घर, गटार, रस्ता आणि शाळा या शब्दांच्या याद्या आधीच्या सात महिन्यांत ज्या गावांना गेल्या, त्या सगळ्या मी पुन्हा काढत आहे. रस्ता आणि शाळा दोन्ही कान्यावर संपतात, म्हणून त्या सर्वांत आधी घेतल्या. सहा गावांच्या झाल्या, आठ राहिल्या आहेत.